एक्सेल चार्टची लेबलं: कोटीतले आकडे, खाली वाढीचा टक्का, आणि अंक देवनागरीत

भूगोलवाट विचारतात:

एका त्रैमासिकातल्या लेखासाठी महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा स्तंभालेख करायचा आहे. सहा जनगणना घेतल्या आहेत. १९६१ची ही राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली, म्हणून सुरुवात तिथून. विंडोजवर एक्सेल २०१९ आहे. आकडे असे:

१९६१ – ३,९५,५३,७१८
१९७१ – ५,०४,१२,२३५
१९८१ – ६,२७,८२,८१८
१९९१ – ७,८९,३७,१८७
२००१ – ९,६८,७८,६२७
२०११ – ११,२३,७४,३३३

प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर दोन ओळींचं लेबल हवं. वर "११.२४ कोटी", खाली "+१६.०%", म्हणजे आधीच्या जनगणनेपासूनची वाढ. अंक देवनागरीत हवेत, कारण त्रैमासिकातला बाकी मजकूर तसाच आहे.

अडचणी तीन. एक, कोटीत रूपांतर करून चार्ट घातला की वर्षांचेच उंच स्तंभ उभे राहतात, लोकसंख्येचे स्तंभ तळाला चिकटलेले दिसतात आणि खाली वर्षांच्या जागी १ ते ६ येतं. दोन, लेबलात एकतर आकडा येतो नाहीतर मी हाताने टाइप केलेला मजकूर. हाताने लिहिलेलं लेबल आकडा दुरुस्त केल्यावर बदलत नाही. तीन, नंबर फॉरमॅटमध्ये मिलियन जमतं, कोटी जमत नाही.

---

सूत्रधार लिहितात:

तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. जे काम शीटमध्ये व्हायला हवं ते चार्टमध्ये करायला जाताय. लेबलाचा सगळा मजकूर सेलमध्ये तयार करा, चार्टने तो फक्त दाखवावा. मग आकडा बदलला की लेबल आपोआप बदलतं, आणि चार्ट पुसून नव्याने केला तरी काही हरवत नाही.

आधी वर्षांचं बघू. तुमची वर्षं ही आकडे आहेत आणि त्या कॉलमला "वर्ष" असं शीर्षक आहे. आकड्यांचा कॉलम आणि वर शीर्षक दिसलं की एक्सेल तो आणखी एक सीरिज (चार्टमध्ये काढायचा आकड्यांचा संच) धरतं. लोकसंख्या ३.९६ ते ११.२४ आणि वर्षं १९६१ ते २०११, म्हणून वर्षांचे स्तंभ अक्ष भरून टाकतात आणि लोकसंख्या दिसेनाशी होते. मूळ पूर्ण आकडे घेतले असते तर उलट झालं असतं: वर्षांचे स्तंभ दिसलेच नसते, फक्त लेजेंडमध्ये (रंगांच्या खूणसूचीत) "वर्ष" नावाचा नको असलेला ठिपका राहिला असता. उपाय दोन आहेत:

– चार्ट घालण्यापूर्वी ए१ सेल रिकामा ठेवा. कोपरा रिकामा असला की एक्सेल पहिला कॉलम नावांचा समजतं. चार्ट तयार झाल्यावर ए१ मध्ये "वर्ष" परत लिहिलं तरी चालतं.
– किंवा चार्टवर राइट क्लिक, सिलेक्ट डेटा. डावीकडच्या यादीतून "वर्ष" ही सीरिज रिमूव्ह करा, मग उजवीकडच्या यादीवरचं एडिट दाबून ए२ ते ए७ निवडा.

एक सावधगिरी. डेटा टेबल करणार असाल (कंट्रोल-टी), तर टेबलला रिकामं शीर्षक चालत नाही. एक्सेल तिथे स्वतःच "कॉलम१" असं नाव घालतं आणि पहिला उपाय वाया जातो. म्हणून आधी चार्ट, नंतर टेबल.

आता शीटची मांडणी. ए मध्ये वर्ष, बी मध्ये लोकसंख्या, सी मध्ये बी भागिले १०००००००, डी मध्ये वाढ (डी३ पासून: बी३ भागिले बी२, वजा १), ई मध्ये लेबल. डी२ रिकामा, कारण १९६१च्या आधीचा आकडा आपण घेतलेला नाही. ई३ मधलं सूत्र खाली देतो. फंक्शनची आणि सेलची नावं इथे देवनागरीत आहेत, तुम्ही इंग्रजीत टाका. शून्यं आणि चिन्हं मात्र आहेत तशीच.

=इफ(डी३="", टेक्स्ट(सी३,"0.00")&" कोटी", टेक्स्ट(सी३,"0.00")&" कोटी"&कॅर(10)&टेक्स्ट(डी३,"+0.0%;-0.0%"))

कॅर(10) म्हणजे ओळ तोडणं. सेलमध्ये दुसरी ओळ दिसायला रॅप टेक्स्ट लागतं. चार्टच्या लेबलात ती न सांगता तुटते. टक्क्याच्या कोडात अर्धविरामाआधीचा भाग वाढीसाठी, नंतरचा घटीसाठी. घटीचा भाग लिहिला नाही तर उणे आकड्यापुढे "-+" अशी दोन चिन्हं येतात. इथे घट नाही, पण हीच शीट एखाद्या जिल्ह्यासाठी वापराल तेव्हा लागेल. सूत्र ई३ मध्ये टाका, मग तो सेल कॉपी करून ई२ ते ई७ मध्ये पेस्ट करा.

मजकूर बरोबर आला की असं दिसायला हवं: ३.९६ कोटी; ५.०४ कोटी, +२७.५%; ६.२८ कोटी, +२४.५%; ७.८९ कोटी, +२५.७%; ९.६९ कोटी, +२२.७%; ११.२४ कोटी, +१६.०%. वाढ बी वरूनच काढा, सी वरून नको. सी मध्ये तुम्ही दोन दशांशांवर राउंड केलं असेल तर १९७१ची वाढ २७.५ ऐवजी २७.३ येते.

चार्ट ए आणि सी वरून करा. मग:

१. कोणत्याही एका स्तंभावर राइट क्लिक, अ‍ॅड डेटा लेबल्स.
२. लेबलावर एकदा क्लिक करून कंट्रोल-१. उजवीकडे फॉरमॅट डेटा लेबल्सचा पॅनल उघडतो.
३. लेबल ऑप्शन्समध्ये "व्हॅल्यू फ्रॉम सेल्स"वर खूण करा, रेंज विचारली की ई२ ते ई७ द्या. ई१ घेऊ नका. घेतला तर प्रत्येक लेबल एक घर पुढे सरकतं आणि १९६१च्या स्तंभावर शीर्षक बसतं.
४. "व्हॅल्यू"वरची खूण काढा. ही राहिली तर आकडा दोनदा येतो.
५. लेबल पोझिशन: आउटसाइड एंड.

हाताने टाइप केलेली जुनी लेबलं तशीच अडून बसली तर त्याच पॅनलमध्ये "रीसेट लेबल टेक्स्ट" बटण आहे. ते दाबून मग पायरी ३ करा.

"व्हॅल्यू फ्रॉम सेल्स" ही सोय एक्सेल २०१३ पासून आहे. ही फाइल एक्सेल २०१० मध्ये उघडली तर लेबलाच्या जागी चौकटी कंसात "सेलरेंज" हा इंग्रजी शब्द दिसतो. संपादकांकडे कोणतं एक्सेल आहे ते माहीत नसेल तर फाइलबरोबर पीडीएफ पाठवा.

---

सूत्रधार पुढे लिहितात:

कोटीचं राहिलं. नंबर फॉरमॅटमधला शेवटचा प्रत्येक स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागतो. दोन स्वल्पविराम म्हणजे दहा लाख, तीन म्हणजे अब्ज. लाख आणि कोटी या पायऱ्यांवर येतच नाहीत, म्हणून तिथे तुमचं मिलियन जमलं आणि कोटी जमलं नाही. वर केलं तसं भागून घेणं हा सरळ मार्ग.

मूळ आकडेच चार्टमध्ये ठेवायचे असतील तर दुसरा मार्गही आहे. उभ्या अक्षावर क्लिक, कंट्रोल-१, अ‍ॅक्सिस ऑप्शन्समध्ये डिस्प्ले युनिट्स. त्या यादीत 100000 आणि 10000000 हे दोन्ही आहेत, म्हणजे आपले लाख आणि कोटी. 10000000 निवडलं की अक्ष कोटीत येतो आणि त्या अक्षावरची डेटा लेबलंही कोटीत येतात. शेजारी एककाचं छोटं लेबल येतं. त्यावर क्लिक करून "कोटी" लिहा. दशांशासाठी लेबलाच्या नंबर विभागात कोड द्या: 0.00" कोटी". कोड लिहून अ‍ॅड दाबल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि हे बटण बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. अवतरणचिन्हं सरळ हवीत. वर्डमधून चिकटवलेली वाकडी चिन्हं एक्सेल नाकारतं.

आकडा पूर्ण, पण स्वल्पविराम आपल्या पद्धतीने हवे असतील तर:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

विंडोजचा रीजन भारत असेल तर साधा #,##0 सुद्धा ११,२३,७४,३३३ असाच दाखवतो. तीच फाइल अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर ११२,३७४,३३३ होते. वरचा कोड दोन्हीकडे सारखाच राहतो. एका कोडात अटी दोनच बसतात, त्यामुळे उणे आकडे तिसऱ्या भागात पडून हजाराच्या गटांनीच दिसतात. लोकसंख्येला त्याने बाधा येत नाही. ताळेबंदाच्या चार्टला येते.

---

अंकलिपी लिहितात:

देवनागरी अंकांसाठी एक्सेलचा कोड: [$-4000439]0.00

हा टेक्स्ट फंक्शनमध्ये चालतो आणि अक्षाच्या नंबर फॉरमॅटमध्येही. वरच्या सूत्रात "0.00"च्या जागी "[$-4000439]0.00" टाका. टक्क्याच्या कोडात अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना तो वेगवेगळा द्या. मूळ आकडा आकडाच राहतो, फक्त दिसतो देवनागरीत. बेरीज, वाढ, सगळं पूर्वीसारखं चालतं. कोडाच्या आतले अंक इंग्रजी कळफलकावरचेच हवेत, नाहीतर एक्सेल कोड घेत नाही.

उभ्या अक्षाला वेगळं सांगावं लागतं: कंट्रोल-१, नंबर, "लिंक्ड टु सोर्स"ची खूण काढा, कोड [$-4000439]0, अ‍ॅड. वर्षांसाठी मात्र याची गरज नाही. ए कॉलम आधी टेक्स्ट फॉरमॅटचा करून १९६१, १९७१ असं थेट मराठीत टाइप करा. वर्षांवर तुम्हाला हिशेब करायचा नाही, आणि मजकूर असल्यामुळे ती सीरिज म्हणून घुसण्याचा प्रश्नही सुटतो. इंग्रजी अंकांतली वर्षं टेक्स्ट म्हणून ठेवली तर कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. तो दुर्लक्षित करा, "कन्व्हर्ट टु नंबर" दाबू नका.

आता फाँट. चार्टमधली अक्षरं सेलमधून येतात, पण फाँट सेलमधून येत नाही. चार्टचा फाँट स्वतंत्र असतो. शीटमध्ये श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर असेल तर शीटमध्ये "कोटी" नीट दिसतं आणि चार्टमध्ये त्याच जागी इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची खिचडी येते. चार्टला तोच फाँट लावून काम भागतं, पण छापखान्यात तो फाँट नसला की पुन्हा तेच. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा.

फाँट एकदाच लावायचा तर चार्टच्या मोकळ्या कडेवर क्लिक करा, म्हणजे सगळा चार्ट निवडला जाईल, आणि होम टॅबवरून फाँट द्या: निर्मला यूआय किंवा मंगल. वेगवेगळे भाग एकेक करून बदलत बसलात तर एखादं अक्षशीर्षक हमखास राहून जातं.

अक्षशीर्षकाबद्दल: टेक्स्ट डायरेक्शनमध्ये "स्टॅक्ड" निवडू नका. एकाखाली एक अक्षर ही रोमन लिपीची सोय आहे. मराठी शब्द असा तोडला की वाचता येत नाही. "रोटेट ऑल टेक्स्ट २७०" घ्या. खरं तर लेबलात "कोटी" लिहिलेलं असताना उभ्या अक्षाला शीर्षकही नको आणि अक्षाचे आकडेही नकोत. अक्ष डिलीट करा, आडव्या रेषा डिलीट करा. तोच आकडा दोनदा वाचायला लावून वाचकाला काही मिळत नाही.

---

भूगोलवाट लिहितात:

सगळं जमलं. ए१चं कारण कळल्यावर बरेच जुने चार्टही दुरुस्त झाले. आता २०११चं दोन ओळींचं लेबल शीर्षकाला टेकतंय. छपाई एकरंगी आहे, चित्राची रुंदी १२ सेमी. शिवाय याच लेखात दुसरा चार्ट आहे, दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचा: ९३६, ९३०, ९३७, ९३४, ९२२, ९२९, वर्षं तीच. त्यात २००१चा स्तंभ इतका बुटका येतो की बघणारा घाबरेल.

---

पानमांडणी लिहितात:

लेबल शीर्षकाला टेकतंय, कारण एक्सेलने अक्षाची कमाल १२ धरली आहे आणि स्तंभ ११.२४ पर्यंत जातो. दोन ओळींना जागा उरत नाही. अक्ष निवडून कंट्रोल-१, बाउंड्समध्ये मॅक्सिमम १४ करा. शेजारी "रीसेट" दिसायला लागतं, म्हणजे हा आकडा आता स्थिर झाला. पुढच्या जनगणनेचा आकडा भराल तेव्हा तो हाताने वाढवावा लागेल. ही दुरुस्ती अक्ष डिलीट करण्याआधी करा.

आकार आधी ठरवा. चार्ट निवडून फॉरमॅट टॅबवर रुंदी १२ सेमी, उंची ७.५ सेमी द्या आणि मग अक्षरं लावा: लेबलं ९ पॉइंट, वर्षं ९, शीर्षक ११. मोठा चार्ट करून पानावर लहान केला तर अक्षरंही त्याच प्रमाणात लहान होतात. २४ सेमीचा चार्ट १२ वर आणला की ९ पॉइंटची साडेचार होतात, आणि साडेचार पॉइंटात वेलांट्या-मात्रा भरून येतात.

स्तंभांमधलं अंतर: सीरिज ऑप्शन्समध्ये गॅप विड्थ आपोआप २१९% असते, म्हणजे मोकळी जागा स्तंभाच्या दुपटीहून जास्त. ती ६० ते ८० वर आणा. स्तंभ रुंद झाले की "११.२४ कोटी" त्याच्या डोक्यावर ऐसपैस बसतं आणि शेजारच्याला खेटत नाही.

एकरंगी छपाईत सगळे स्तंभ मध्यम करडे ठेवा आणि ज्याबद्दल लेख बोलतोय तो एकच काळा. एका क्लिकने सगळी सीरिज निवडली जाते. त्याच स्तंभावर थोडं थांबून दुसरा क्लिक केला की तो एकटा निवडला जातो. मग फिल. हा रंग त्या जागेला चिकटतो, आकड्याला नाही. पुढे शीट उतरत्या क्रमाने लावली तर सहाव्या जागेवर १९६१ येईल आणि काळा होईल. क्रम पक्का झाल्यावरच रंग द्या. सीरिज एकच आहे, तेव्हा लेजेंड काढून टाका.

इंडिझाइनमध्ये किंवा वर्डमध्ये देताना पडद्याचं चित्र घेऊन चिकटवू नका. चार्ट निवडलेला असतानाच सेव्ह अ‍ॅज पीडीएफ करा. तेवढाच चार्ट पानावर येतो, रेषा धारदार राहतात.

---

सूत्रधार लिहितात:

दुसऱ्या चार्टमध्ये एक्सेल बिघडलेलं नाही, त्याचा नियमच तसा आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या १६.६७ टक्क्यांहून, म्हणजे सहाव्या भागाहून, कमी असला की आपोआप लावलेला अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. तुमच्याकडे ९३७ आणि ९२२. फरक १५, ९३७चा सहावा भाग सुमारे १५६. म्हणून अक्ष वरून कुठूनतरी सुरू झाला. तो ९१० पासून धरला तर १९८१चा स्तंभ २७ एकक उंच दिसतो आणि २००१चा १२. डोळ्याला फरक दुपटीहून मोठा, प्रत्यक्षात १.६ टक्के.

पहिल्या चार्टला हा त्रास झाला नाही, कारण ३.९६ आणि ११.२४ मध्ये अंतर भरपूर होतं. एकाच लेखात एक अक्ष शून्यापासून आणि दुसरा नाही, हे वाचकाच्या लक्षात येणार नाही. ते तुम्हीच सांभाळायचं आहे.

स्तंभ वाचला जातो तो त्याच्या उंचीवरून, म्हणून स्तंभांना शून्य हवंच. मिनिममला ० टाकून बघा: सगळे स्तंभ सारखे दिसतील आणि चार्ट काहीच सांगणार नाही. म्हणून इथे स्तंभ सोडा. चेंज चार्ट टाइपमधून लाइन विथ मार्कर्स घ्या, अक्ष ९१५ ते ९४०, मेजर युनिट ५. रेषेत वाचक चढउतार बघतो, उंची मोजत नाही, त्यामुळे शून्य नसलं तरी फसवणूक होत नाही. तरीही उभा अक्ष इथे दाखवाच, आणि चित्राखाली "अक्ष ९१५ पासून" असं स्पष्ट लिहा.

लेबलं सहाही बिंदूंना देऊ नका. ९३७, ९२२ आणि ९२९ पुरेत. सीरिजला लेबलं लावा, मग नको त्या लेबलावर दोनदा सावकाश क्लिक करून डिलीट करा. २००१चं लेबल बिलो, बाकी दोन अबव्ह. नाहीतर दरीतला आकडा रेषेवर बसतो. हेच सूत्राने करायचं तर "व्हॅल्यू फ्रॉम सेल्स"साठी वेगळा कॉलम घ्या आणि हवे तेवढेच सेल भरा. रिकाम्या सेलचं लेबल रिकामं येतं.

---

मुक्तस्रोत लिहितात:

एक्सेल नसलेल्यांसाठी.

गूगल शीट्समध्ये चार्टवर डबल क्लिक, सेटअप टॅब. सीरिजच्या नावाशेजारचे तीन ठिपके दाबले की "अ‍ॅड लेबल्स" येतं. तिथे ई कॉलमची रेंज द्या. लेबल चार्टवर दिसत नसेल तर कस्टमाइझ, सीरिज, "डेटा लेबल्स"वर खूण करा. वर्षांचा घोळ इथेही होतो. सेटअपमध्येच "यूज कॉलम ए अ‍ॅज लेबल्स" ही खूण त्यासाठीच आहे. एकच स्तंभ काळा करायचा तर कस्टमाइझ, सीरिज, "फॉरमॅट डेटा पॉइंट"शेजारचं अ‍ॅड.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये चार्टवर डबल क्लिक करून आत शिरावं लागतं. नुसत्या एका क्लिकने तो चित्रासारखा हलतो. आत गेल्यावर सीरिजवर राइट क्लिक, इन्सर्ट डेटा लेबल्स, मग फॉरमॅट डेटा लेबल्स. "सोर्स फॉरमॅट"ची खूण काढून 0.00" कोटी" हाच कोड देता येतो.

सगळीकडे चालणारी आणखी एक युक्ती आहे. दुसरी ओळ स्तंभाच्या डोक्यावर न ठेवता पायथ्याशी ठेवा. एक कॉलम करा: वर्ष, कॅर(10), वाढीचा टक्का, आणि आडव्या अक्षाची नावं म्हणून तोच द्या. वर "११.२४ कोटी", खाली "२०११" आणि त्याखाली "+१६.०%". डोक्यावरची गर्दी कमी होते, आणि एक्सेल २०१० मध्येही फाइल मोडत नाही, कारण हे साधं अक्षाचं नाव आहे. मला स्वतःला एकरंगी छपाईसाठी हीच मांडणी जास्त आवडते.

जिल्ह्यांची नावं येतील तेव्हा मात्र स्तंभ सोडून आडव्या पट्ट्यांचा बार चार्ट घ्या. "छत्रपती संभाजीनगर" ४५ अंशांत तिरकं वाचायला लावणं बरं नाही. बार चार्टमध्ये शीटमधली पहिली ओळ तळाला जाते. एक्सेलमध्ये नावांच्या अक्षावर "कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर" करा. त्याने आकड्यांचा अक्ष वर उडी मारतो, तो खाली आणायला तिथेच "अ‍ॅट मॅक्सिमम कॅटेगरी" निवडा.

---

भूगोलवाट लिहितात:

टक्का पायथ्याशी आणणार. डोक्यावर एक ओळ राहिल्याने कमाल १४ ऐवजी १२.५ पुरली.

शेवटचा प्रश्न. ग्रामीण आणि नागरी असा रचलेला स्तंभालेखही हवा आहे. कोटीत: १९९१ – ४.८४ आणि ३.०५, २००१ – ५.५८ आणि ४.११, २०११ – ६.१६ आणि ५.०८. प्रत्येक तुकड्यात त्याचा आकडा नीट येतो, पण एकूण बेरीज वर दाखवायला आउटसाइड एंड हा पर्यायच यादीत दिसत नाही.

---

सूत्रधार लिहितात:

रचलेल्या स्तंभात तो पर्याय नसतो, कारण खालच्या तुकड्याच्या "बाहेर" म्हणजे वरच्या तुकड्याच्या आत. गूगल शीट्समध्ये यासाठी "टोटल डेटा लेबल्स" अशी तयार खूण आहे. एक्सेलमध्ये ते करून घ्यावं लागतं.

शीटमध्ये "एकूण" कॉलम घाला: ७.८९, ९.६९, ११.२४. सिलेक्ट डेटामधून तो चार्टमध्ये घ्या. आता तो तिसरा तुकडा होऊन स्तंभ दुप्पट उंच दिसेल. त्या तुकड्यावर राइट क्लिक, चेंज सीरिज चार्ट टाइप, "एकूण"साठी लाइन निवडा. शेजारच्या सेकंडरी अ‍ॅक्सिसवर खूण असेल तर काढा. राहिली तर रेषा वेगळ्या मापाने बसते आणि बेरजेचं लेबल स्तंभाच्या टोकाशी जुळत नाही. ओके केल्यावर रेषेला डेटा लेबल, पोझिशन अबव्ह, कोड [$-4000439]0.00, मग लाइनला नो लाइन. उभा अक्ष आपोआप ठरवू दिला होता तर तो अजून जुन्या दुप्पट मापावर नाही ना, तेही बघा.

ग्रामीण आणि नागरीची लेबलं सेंटरला ठेवा. गडद तुकड्यावर अक्षरं पांढरी, फिक्या तुकड्यावर काळी. इथे लेजेंड लागेल, पण त्यात "एकूण" नको. लेजेंडवर एक क्लिक, मग "एकूण" या नावावर दुसरा क्लिक, आणि डिलीट. दुसरा क्लिक झाल्याची खात्री करा, नाहीतर सगळा लेजेंड जातो. चुकून "नागरी" उडवलंत तर ते एकटं परत आणता येत नाही. लेजेंड पूर्ण काढून पुन्हा घालायचा आणि "एकूण" पुन्हा पुसायचं.